१४५३ पाठ आहे, पण वळण कुठे आहे? युरोपच्या मध्ययुगाबद्दल एका विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न असा आला आहे: "सर, युरोपचं मध्ययुग कधी संपलं याचं उत्तर एका पुस्तकात १४५३ आहे, दुसऱ्यात १४९२, तिसऱ्यात १५१७, आणि क्लासच्या नोट्समध्ये १६४८. परीक्षेत नेमकं काय लिहायचं? आणि तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, व्यापारी मार्ग बंद झाला, म्हणून वास्को द गामा भारतात आला, हे तरी पक्कं आहे ना?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथेच बहुतेकांचा पाय घसरतो. ते पक्कं नाही.

बायझंटाइन साम्राज्याची राजधानी असलेलं कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, २९ मे १४५३ रोजी पडलं, यात वाद नाही. सुलतान दुसरा मेहमद तेव्हा एकवीस वर्षांचा होता. वेढा ५३ दिवस चालला. आत लढणारे जेमतेम सात हजार. हजार वर्षं उभ्या असलेल्या तटाला खिंडारं पाडणारी मोठी तोफ ओतली ती ऑर्बन नावाच्या हंगेरीकडच्या ओताऱ्यानं. हा ऑर्बन आधी नोकरी मागायला गेला होता तो बादशहा अकराव्या कॉन्स्टंटाइनकडेच. तिजोरीत त्याला द्यायला पैसे नव्हते, म्हणून तो पलीकडे गेला. मला विचाराल तर त्या साम्राज्याची खरी अवस्था कळायला तटबंदीच्या वर्णनापेक्षा ही एक गोष्ट पुरे आहे.

आता मिरीचा रस्ता बघा. मलबारातून जहाजानं तांबड्या समुद्रात, तिथून कैरो, कैरोहून अलेक्झांड्रिया, आणि पुढे व्हेनिसच्या गलबतांवर. या रस्त्यात कॉन्स्टँटिनोपल कुठे लागतं? नकाशावर बोट ठेवून दाखवा. अलेक्झांड्रिया आणि बैरूत तेव्हा इजिप्तच्या मामलूक सुलतानांकडे होती. उस्मानी तुर्कांनी इजिप्त घेतला १५१७ मध्ये, म्हणजे गामा कालिकतला पोचल्यानंतर एकोणीस वर्षांनी. शहर पडल्यावर तिसऱ्या दिवशी समोरच्या गलात्यातल्या जेनोवाच्या व्यापाऱ्यांना मेहमदचा कौल मिळाला होता, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये व्हेनिसनंही तह करून व्यापार पुन्हा सुरू केला. पोर्तुगीज तर कधीचेच निघाले होते: १४१५ ला त्यांनी सेउता घेतलं, १४३४ ला बोजादोरचं भूशिर ओलांडलं. त्यांना हवं होतं आफ्रिकेचं सोनं, गुलाम, आणि मधल्या दलालांना टाळून मिरी. काळ्या समुद्रावरच्या व्यापाराला धक्का बसला, हे खरं. पण 'मार्ग बंद झाला' हे एका ओळीत बसतं म्हणून टिकलेलं वाक्य आहे.

हे मी कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. पहिली चार-पाच वर्षं मीही हेच शिकवलं. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं ॲटलास उघडून विचारलं, "सर, पण मिरी इस्तंबूलला कशाला जाईल? वळसा पडतो." त्या दिवशी तास दहा मिनिटं लवकर संपवून मी ग्रंथालयात गेलो.

"ग्रीक विद्वान पळून इटलीत गेले आणि प्रबोधन सुरू झालं" या वाक्याचं तसंच. मॅन्युएल ख्रिसोलोरास फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवायला लागला तो १३९७ मध्ये. १४५३ नंतर माणसं आणि पोथ्या आल्या, नाही असं नाही. कार्डिनल बेसारियननं १४६८ मध्ये सातशेहून अधिक हस्तलिखितं व्हेनिसला दिली. पण हंडा तापलेला होता, हे लाकूड नंतर सरकवलं गेलं.

मग वळण ओळखायचं कसं? मी वर्गात एक साधी कसोटी देतो: कोणाचा कागद चालेनासा झाला? नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशेची जुनी नोट दुकानदारानं हातात घेतली, उलटीपालटी केली आणि परत दिली, तो क्षण आठवा. नोट तीच, शिक्का तोच, समोरचा मात्र ती घ्यायला तयार नाही. हुकूम, सनद, फतवा, करारनामा यांचं असंच असतं. काल ज्याच्या कागदानं माणसं हलत होती, त्याच्या कागदानं आज ती हलत नसतील, तर मध्ये काहीतरी घडलेलं आहे. ते कुठल्या तारखेला घडलं हा पुढचा प्रश्न.

या कसोटीनं मध्ययुग कसं दिसतं? जानेवारी १०७७ मध्ये जर्मनीचा राजा चौथा हेन्री आल्प्स ओलांडून कानोसाच्या किल्ल्यापाशी आला आणि पोप सातव्या ग्रेगरीच्या माफीसाठी तीन दिवस थंडीत दाराबाहेर उभा राहिला. पोपनं त्याला धर्मबाह्य केलं होतं. त्या एका घोषणेनं त्याचे सरदार त्याला सोडायला मोकळे झाले होते. पुढे हेन्रीनं सूड उगवला, ग्रेगरी परागंदा अवस्थेत मेला, ते वेगळं. किंवा १२१५ घ्या. जूनमध्ये इंग्लंडच्या सरदारांनी जॉन राजाकडून मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या अधिकाराला वेसण घालणारी सनद, घेतला आणि ऑगस्टमध्ये पोप तिसऱ्या इनोसंटनं तो रद्दबातल ठरवला. शे-दीडशे कोसांवरून नव्हे, थेट इटलीतून. आणि राजानं त्या कागदाच्या जोरावर युद्ध पुकारलं. या इनोसंटचं नाव लक्षात ठेवा, शेवटी त्याचा नावबंधू येणार आहे.

माझ्या मते पहिलं खरं वळण प्लेगचं. प्रश्नात दिलेल्या चारही सनांत ते नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

ऑक्टोबर १३४७ मध्ये काळ्या समुद्राकडून आलेली जेनोवाची जहाजं सिसिलीत मेसिनाच्या बंदराला लागली. पुढच्या वर्षअखेरीपर्यंत साथ फ्लॉरेन्स, पॅरिस करत लंडनला पोचली. चार-पाच वर्षांत युरोपची एक तृतीयांश ते निम्मी माणसं गेली. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्डमधल्या त्या वेळच्या दफनभूमीतल्या सांगाड्यांच्या दातांतून अलीकडे त्या जंतूचा डीएनए मिळाला, त्यामुळे तो प्लेगच होता का हा जुना वाद आता मिटल्यात जमा आहे. विहिरींत विष घातल्याचा आळ ज्यूंवर आला. पोप सहाव्या क्लेमेंटनं लेखी बजावलं की ज्यूही याच रोगानं मरताहेत, त्यांना हात लावू नका. तरी फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं, आणि तेही तिथे साथ पोचायच्या आधी. कागद चालेनासा होण्याची ही काळी बाजू. दरवेळी त्यातून स्वातंत्र्यच निघतं असं समजू नका.

साथ ओसरल्यावर जे झालं ते मी नेहमी इंग्लंडच्या उदाहरणानं शिकवतो, कारण तिथले हिशेब टिकले आहेत. जमीन तेवढीच, माणसं अर्धी. मजूर म्हणाला, जास्त दे नाहीतर शेजारच्या जहागिरीत जातो. जहागीरदारांनी राजाकडे धाव घेतली. १३४९ ला वटहुकूम निघाला आणि १३५१ ला पार्लमेंटचा कायदा झाला: साथीच्या आधी, १३४६ च्या सुमारास जी मजुरी होती तीच घ्यायची. खुरपणीला आणि गवत वाळवायला दिवसाला एक पेनी. कुरण कापणाऱ्याला पाच पेनी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कापणीला दोन पेनी, नंतर तीन. आणि जेवण घालायचं नाही.

शेवटची अट वाचली की चोर सापडतो. जेवण घालू नका असा कायदा करावा लागतो, याचा अर्थ लोक जेवण घालत होते. मजुरीचा आकडा कागदावर कायद्याप्रमाणे ठेवायचा आणि वरून खायला-प्यायला द्यायचं, ही पळवाट. नॉरफोकमधल्या सेजफर्ड गावचे कापणीच्या वेळच्या जेवणाचे हिशेब मिळतात. तेराव्या शतकाच्या मध्यात त्यात बराचसा जवाचा पाव आहे, मांस तोंडी लावण्यापुरतं. पंधराव्या शतकात त्याच गावात गव्हाचा पाव, भरपूर मांस आणि एल नावाची बीअर. वरच्यांना हे इतकं खुपलं की १३६३ मध्ये कुणी कुठल्या भावाचं कापड अंगावर घालावं याचाही कायदा केला. नांगऱ्यानं आणि गाडीवानानं जाडंभरडं कापडच वापरायचं. तो कायदा पार्लमेंटला लगेच मागे घ्यावा लागला.

१३८१ मध्ये तिसऱ्यांदा डोईपट्टी बसली, माणशी एक शिलिंग, तेव्हा केंट आणि एसेक्सचे लोक उठले आणि लंडनवर चालून गेले. वॉट टायलर स्मिथफील्डला मारला गेला, उठाव मोडला. पण गावोगाव त्यांनी आधी काय जाळलं? जहागिरीच्या कचेरीतलं दप्तर. कोण कुणाचा भूदास (जहागिरीच्या जमिनीला बांधलेला शेतकरी), कुणाकडे किती वेठ, हे ज्यात लिहिलं होतं ती भेंडोळी. सुप्याच्या बाजारात १८७५ मध्ये आपल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे पेटवले, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही, तसंच हे. शंभर वर्षांत इंग्लंडातली भूदासगिरी कुठलाही कायदा न होता विरून गेली.

इथे एक सावधगिरी. परीक्षक खूष होतात म्हणून "प्लेगमुळे सरंजामशाही संपली" असं सरसकट ठोकून देऊ नका. एल्ब नदीच्या पूर्वेला नेमकं उलटं झालं. तिथेही माणसं कमी होती, पण शहरं दुबळी आणि सरदार जबर. त्यांनी शेतकऱ्याला जमिनीला आणखी घट्ट बांधलं. पोलंडमध्ये १४९६ च्या कायद्यानं गाव सोडण्यावर बंधनं आली. मॉस्कोच्या १४९७ च्या संहितेनं मालक बदलायला वर्षातून दोनच आठवडे ठेवले, सेंट जॉर्जच्या सणाच्या आधीचा एक आणि नंतरचा एक. १६४९ मध्ये ती फटही बुजवली. जंतू तोच. फरक पडला तो कुणाला पळून जायला जागा होती आणि कुणाला नव्हती, यानं.

आता एका फॉर्मची गोष्ट. ही मला सगळ्यांत आवडते.

छपाईचा विषय निघाला की सगळे गुटेनबर्गच्या बायबलपाशी थांबतात. पण युरोपात धातूच्या खिळ्यांनी छापलेली आणि नक्की तारीख असलेली सगळ्यांत जुनी वस्तू बायबल नाही, ते पापमुक्तीपत्र आहे, म्हणजे पैसे भरल्यावर पापाच्या शिक्षेतून सूट देणारं चर्चचं पत्र. चर्मपत्राचा एक तुकडा, लॅटिनमध्ये एकतीस ओळी, आणि मध्ये मोकळ्या जागा: इथे नाव, इथे गाव, इथे दिवस. रेशनकार्डाच्या अर्जासारखा भरायचा नमुना. एका प्रतीवर हातानं भरलेली तारीख आहे २२ ऑक्टोबर १४५४. पैसे कशासाठी? तुर्कांपासून सायप्रस वाचवण्यासाठी. खाली क्षमेचे दोन मसुदे छापलेले, एक हयातीत वापरायचा, दुसरा मरणाच्या दारी. हाती लिहायचं तर कारकुनाला एकेका पत्राला किती वेळ लागेल, आणि मुद्रकाला शेकड्यांनी काढायला किती, याचा हिशेब विकणाऱ्यांनी फार लवकर केला. नव्या यंत्राचं पहिलं मोठं गिऱ्हाईक चर्च होतं. याच पत्रांवरून पुढे चर्चशी भांडणारा मार्टिन ल्यूथर जन्मायला अजून एकोणतीस वर्षं होती.

हे गुटेनबर्गच्या गावी, जर्मनीतल्या माइन्झमध्ये चाललं होतं तेव्हा कॉन्स्टँटिनोपल पडून दीडेक वर्षच झालं होतं. त्याच छापखान्यातून १४५५ सालासाठी एक पंचांगही निघालं, ज्यात दर महिन्याला एकेका राजाला तुर्कांविरुद्ध उठायचं आवाहन होतं, पद्यात. एनिया सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी नावाचा इटालियन मुत्सद्दी तेव्हा जर्मनीत होता. शहर पडल्याची बातमी आल्यावर होमर आणि प्लेटो दुसऱ्यांदा मेले असं पोपला कळवणारा हाच, आणि फ्रँकफुर्टला पाहिलेल्या छापील बायबलच्या पानांबद्दल १४५५ च्या मार्चमध्ये, अक्षरं इतकी स्वच्छ की चष्म्याशिवाय वाचता येतील असं लिहिणाराही हाच. पुढे तो दुसरा पायस या नावानं पोप झाला. तुर्कांवर धर्मयुद्ध काढायचं म्हणून १४६४ मध्ये आजारी अवस्थेत आंकोनाच्या बंदरात जाऊन बसला. राजेरजवाडे काही आले नाहीत. व्हेनिसचं आरमार आलं तेव्हा तो मरणपंथाला लागला होता. पोपच्या हाकेला राजे यायचे दिवस गेले, हे त्या बंदरात जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याच तहात दिसत नाही. १४५३ चं महत्त्व मी इथे शोधतो. मिरीच्या पोत्यांत नाही.

गुटेनबर्ग स्वतः मात्र बुडाला. योहान फुस्टकडून त्यानं ८०० गुल्डेन घेतले होते, मग आणखी ८००. व्याजासकट दावा दोन हजारांच्या वर गेला आणि १४५५ मध्ये छापखान्याचा मोठा भाग फुस्टकडे गेला. बायबलच्या सुमारे १८० प्रती निघाल्या. नफा सावकाराला, नाव कारागिराला.

तेच माइन्झ साठ वर्षांनी पुन्हा समोर येतं. ब्रांडेनबुर्गचा अल्ब्रेख्त हा तरुण सरदारपुत्र माग्डेबुर्गचा आर्चबिशप होताच, त्याला माइन्झचीही गादी हवी होती. दोन गाद्या एकाकडे नकोत असा नियम, म्हणून रोमला सूट मिळवण्यासाठी भलीमोठी रक्कम भरायची. ती त्यानं आउग्सबुर्गचा सावकार याकोब फुग्गर याच्याकडून कर्जाऊ घेतली. कर्ज फेडायला पापमुक्तीपत्रांची विक्री: निम्मे पैसे सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला, निम्मे फुग्गरला. ती विकायला योहान टेट्झेल हा धर्मोपदेशक गावोगाव फिरायचा, आणि पैशाच्या पेटीजवळ फुग्गरचा माणूस असायचा. ३१ ऑक्टोबर १५१७ ला ल्यूथरनं आपले ९५ मुद्दे पत्रासोबत पाठवले ते याच अल्ब्रेख्तला. चर्चच्या दारावर हातोडीनं ठोकल्याची हकिगत ल्यूथरचा सहकारी मेलांख्थन यानं ल्यूथरच्या मृत्यूनंतर सांगितली आणि मेलांख्थन १५१७ मध्ये विटेनबर्गला नव्हताच. ठोकलेही असतील, तेव्हा ते दार सूचनाफलकासारखंच वापरत. मुद्दे लॅटिनमध्ये होते, सामान्य माणसाला कळणारे नव्हते. खरा भडका उडाला तो पुढच्या वर्षी, जेव्हा त्यानं हाच विषय सोप्या जर्मनमध्ये चार पानांत मांडला आणि ती पुस्तिका वर्षभरात डझनभराहून जास्त वेळा छापली गेली. त्या यंत्राचं पहिलं गिऱ्हाईक चर्च होतं हे आठवतं ना? यंत्राला गिऱ्हाइकाची निष्ठा नसते.

फुग्गरबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण आपल्याकडे त्याला कुणी विचारत नाही. १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सला सम्राट म्हणून निवडून आणायला जे साडेआठ लाख गुल्डेन वाटले गेले, त्यातले साडेपाच लाखांच्या आसपास त्याचे होते. चार वर्षांनी पैसे थकले तेव्हा त्यानं सम्राटाला सरळ लिहिलं की माझ्यावाचून आपल्याला मुकुट मिळाला नसता. १०७७ मध्ये राजाला बर्फात उभं करणारा पोप होता. आता वसुलीचं पत्र सावकार पाठवत होता. १५०५ मध्ये लिस्बनहून भारताकडे निघालेल्या अल्मेदाच्या ताफ्यात वेल्सर आणि फुग्गर या जर्मन पेढ्यांचा पैसा होता. मिरीच्या बदल्यात हिंदुस्थानात तांबं खपायचं, आणि हंगेरीतलं तांबं फुग्गरच्या हातात होतं.

धर्मसुधारणेवरच्या उत्तरात १५२५ वगळू नका. शेतकऱ्यांनी मेमिंगेनला बारा मागण्या मांडल्या, त्या छापून दोन महिन्यांत सगळीकडे गेल्या. तिसरी मागणी: ख्रिस्तानं आम्हा सगळ्यांना आपल्या रक्तानं सोडवलं आहे, मग आम्ही कुणाचे भूदास कसे? ल्यूथरचाच युक्तिवाद त्यांनी त्याच्यापुढे धरला. त्यानं राजांची बाजू घेतली, आणि तीही अतिशय कडवट शब्दांत. लाखाच्या घरात माणसं मारली गेली असा अंदाज सांगतात. यानंतर धर्मसुधारणा राजांच्या छत्राखाली गेली आणि १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहानं जो राजाचा पंथ तो प्रजेचा, हे ठरून गेलं.

१४९२ वर फार वेळ घालवत नाही. त्यावर तुम्ही डोळे मिटून दहा पानं लिहाल. एवढंच बघा की त्या एकाच वर्षी जानेवारीत ग्रॅनडा पडलं, मार्चअखेर स्पेनमधून ज्यूंना हाकलण्याचा हुकूम निघाला आणि ऑगस्टमध्ये कोलंबस निघाला. तिन्ही गोष्टी एकाच दरबारातल्या. पुढे १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेत पोतोसीची चांदी सापडली, आणि तिच्यावर बसलेल्या स्पेनच्या राजानं १५५७ मध्ये कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले. तेव्हा 'चांदी आली म्हणून स्पेन श्रीमंत झाला' हे वाक्यही जपून वापरा. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी हे वळण नव्हतंच, कडेलोट होता. आणि आपल्यासाठी? चतुर्थीचं उपवासाचं ताट आठवा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, साबुदाणा ज्याचा होतो तो टॅपिओकाचा कंद: भगर सोडली तर सगळं अमेरिकेतलं. 'बटाटा' आणि 'अननस' हे शब्दसुद्धा पोर्तुगीजांनीच आणले.

विज्ञानाचा १५४३ हा सन, कोपर्निकस आणि वेसालियस, सोयीचा आहे, पण त्या वर्षी पृथ्वी फिरते हे जवळजवळ कुणालाच पटलं नाही. तो विषय गॅलिलिओपासून पुढे लिहा.

आता १६४८. तीस वर्षांच्या युद्धाची सुरुवात नाटकी आहे. २३ मे १६१८ ला प्रागच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे दोन कारभारी आणि त्यांचा चिटणीस यांना खिडकीतून खाली फेकलं. सत्तरएक फूट. तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले, देवदूतांनी झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता. त्या चिटणिसाला पुढे सरदारकी मिळाली, आणि किताब काय, तर 'होहेनफाल', म्हणजे उंचावरून पडलेला. यापुढे मात्र हसण्यासारखं काही नाही. १६३१ च्या मे महिन्यात माग्डेबुर्ग, अल्ब्रेख्तची ती पहिली गादी, एका दिवसात जळून गेली. वीस हजारांच्या आसपास माणसं मेली. सैन्य जिथे जाईल तिथलंच खाई, आणि मागे उपासमार नि साथ सोडून जाई.

युद्ध संपवणारा वेस्टफालियाचा तह दोन गावांत झाला, म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक, कारण पोपचा वकील प्रोटेस्टंटांशी बोलायला तयार नव्हता. २४ ऑक्टोबर १६४८ ला सह्या झाल्या. "वेस्टफालियानं सार्वभौम राष्ट्र-राज्य जन्माला घातलं" हे वाक्य राज्यशास्त्राच्या गाइडांतून इतिहासात घुसलं आहे. तहात असं कलम नाही, आणि ते जर्मन संस्थानिक १८०६ पर्यंत पवित्र रोमन साम्राज्यातच होते. तहात आहे ते फार मुनिमी वळणाचं: १ जानेवारी १६२४ हा दिवस धरायचा, त्या दिवशी ज्या पंथाकडे जे चर्च, जी जमीन होती ती त्याचीच. खुद्द ओस्नाब्रुकला तर एक बिशप कॅथलिक, त्याच्यानंतरचा प्रोटेस्टंट, मग पुन्हा कॅथलिक, अशी पाळी लावून दिली आणि ती दीडशे वर्षं चालली. खरं काय हे ठरवायचा नाद सोडून, कुणाच्या ताब्यात काय होतं एवढंच बघायचं. माझ्या नजरेत आधुनिकपणा तो हाच, थोडा कंटाळवाणा.

आणि आता तो नावबंधू. पोप दहाव्या इनोसंटनं हा तह निरर्थक, अवैध, रद्दबातल आणि कायमचा पोकळ असल्याचं फर्मान काढलं. तारीख नोव्हेंबर १६४८. तह करणाऱ्यांनी, त्यांतले अर्धे कॅथलिक, हे आधीच ओळखलं होतं. धर्मसत्तेचा कुठलाही आक्षेप या तहाविरुद्ध चालणार नाही असं कलम त्यांनी तहातच घालून ठेवलं होतं. तिसऱ्या इनोसंटच्या कागदानं १२१५ मध्ये युद्ध पेटलं. दहाव्या इनोसंटच्या कागदानं १६४८ मध्ये कुणाच्या टेबलावरचा दिवाही विझला नाही.

परीक्षेसाठी: एकच सन मागितला तर १४५३ लिहा, पण 'रूढ संकेतानुसार' हे दोन शब्द जोडा. पंधरा गुणांचं उत्तर असेल तर एका तारखेवर सगळं लादू नका. प्लेगनंतरचा मजूर, छापील फॉर्म आणि हे फर्मान, या तिघांवरून चालत जा. "तुर्कांनी मार्ग बंद केला" लिहिलंत तर बरेच परीक्षक गुण देतील, मी देणार नाही.

एक पुरवणी, कारण गोवा तुमच्या यादीत कुठेच नव्हता. धर्मसुधारणेला उत्तर म्हणून १५४० मध्ये येशूसंघाला, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघाला, मान्यता मिळाली आणि दोन वर्षांत फ्रान्सिस झेवियर गोव्यात होता. १५५६ मध्ये छपाईयंत्र आलं, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय. कॅथलिकांना जड जाणाऱ्या एलिझाबेथच्या इंग्लंडमधून बाहेर पडून रोममार्गे थॉमस स्टीफन्स हा येशूसंघी १५७९ मध्ये गोव्यात आला. गोव्यातल्या साष्टीत, जिथली देवळं पोर्तुगीजांनी पाडली होती, तिथे राहून त्यानं ख्रिस्तपुराण रचलं: अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या, १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या, त्याही रोमन लिपीत. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायचा हुकूम काढला. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही. टिकल्या त्या हातानं उतरवलेल्या प्रती, मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या. त्यांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला ते पुस्तक पुन्हा छापलं गेलं.